प्रभू उठला, पण माझे वडील?

एका ताईंचं पत्र आलं. ओळख पटेल असं सगळं काढून, त्यांच्या संमतीनं, त्यातला मजकूर थोडक्यात देतो. त्यांचे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडनं गेले. देह घरी मिळाला नाही, कबरस्तानात नेण्याचीही सोय झाली नाही. रात्री विद्युतदाहिनीत अग्नी दिला गेला, तेव्हा घरचं कुणी तिथं नव्हतं. वडील निवृत्त शिक्षक. वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग त्यांनी १९ वर्षं चालवला. ते गेले आणि वर्ग बंद पडला. ताई लिहितात: "पाळकसाहेब, ईस्टरला सगळी मंडळी 'प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे' म्हणते तेव्हा मी नुसते ओठ हलवते. प्रभू उठला, पण माझे वडील उठले नाहीत. ज्यांना कबरच नाही ते उठणार तरी कुठून? दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेचा मला आज काय आधार?" खाली ता. क. म्हणून दोन ओळी आहेत. घरातल्या एका वादावरून शेवटचा आठवडाभर त्यांनी वडिलांचा फोन उचलला नव्हता.

ताई, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि उत्तराला आठ दिवस घेतले, त्याबद्दल राग मानू नका. मी ३४ वर्षं पाळकपण करतो आहे, पहिली ११ नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि पुढची पुण्यात. एप्रिल-मे २०२१ मध्ये मी मोबाईलवरून दफनविधी वाचला आहे. पलीकडे कुणी अनोळखी माणूस फोन स्पीकरवर धरून उभा असायचा, मागे भट्टीचा आवाज यायचा आणि मला माझंच वाचन नीट ऐकू यायचं नाही. तेव्हा तुम्ही जे विचारता ते मला पुस्तकातून उचलून सांगता येणार नाही.

तुम्ही राखेबद्दल विचारलंत, वर्गाबद्दल विचारलंत आणि ता. क. मध्ये फोनबद्दल. मला तिन्हींच्या तळाशी एकच प्रश्न दिसतो. देवानं एकदा जे आपलं म्हटलं, ते तो टाकून देतो का? पुनरुत्थान म्हणजे या प्रश्नाला देवानं दिलेलं उत्तर, असं मी मानतो.

आधी एका शब्दाबद्दल बोलू. माणूस गेलं की आपल्याकडे म्हणतात, "सुटले." दीर्घ दुखणं असेल तर हमखास. मीही लोकांच्या ओसरीवर बसून हे म्हटलं आहे. त्यात माया असते, म्हणणाऱ्याला दोष देत नाही. पण त्या शब्दाच्या पोटात एक समजूत आहे की देह हा पिंजरा, आत्मा हे पाखरू, पिंजरा मोडला की पाखरू मोकळं. आपल्या भूमीत हा विचार फार जुना आहे. जीर्ण वस्त्र टाकून नवं नेसावं तसा देह बदलतो, हे लहानपणापासून सगळ्यांच्या कानावर असतं. ग्रीकांमध्येही हेच होतं. त्यांच्या भाषेत सोमा म्हणजे देह आणि सेमा म्हणजे कबर, आणि देह ही आत्म्याची कबर असं ते या दोन शब्दांवर खेळून म्हणत. म्हणूनच प्रेषित पौलानं अथेन्समध्ये मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचं नाव काढल्याबरोबर काहींनी थट्टा केली. आत्मा अमर आहे एवढंच तो बोलला असता, तर तिथं कुणाला हसू आलं नसतं.

पवित्र शास्त्र मरणाला सुटका म्हणत नाही, शेवटचा शत्रू म्हणतं. पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात हे शब्द आहेत. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेशी प्रभू येशू रडला, आणि तेही आपण त्याला उठवणार हे ठाऊक असताना. तुम्ही लिहिलंय की मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तुम्हाला बजावलं, "विश्वासणाऱ्यानं इतकं रडू नये." त्यांना सांगा, आमच्या पाळकांनी सांगितलंय, प्रभू रडला होता. ईस्टरचं गीत तुमच्या गळ्यातून निघत नसेल तर नको निघू दे. त्या पहिल्या पहाटेलासुद्धा कुणी गात नव्हतं. मार्कच्या शुभवर्तमानात कबरेवरून निघालेल्या बायका थरथरत पळाल्या, आणि भीतीमुळे कुणाला काही बोलल्या नाहीत.

मग उठला म्हणजे नक्की काय झालं? मराठीत पुनर्जन्म, पुनरुज्जीवन आणि पुनरुत्थान हे शब्द इतके जवळजवळ उभे असतात की उपदेश ऐकतानाही त्यांची सरमिसळ होते. बाप्तिस्म्याच्या वर्गात मी पहिल्याच दिवशी ही गाठ सोडवून घेतो. पुनर्जन्मात आत्मा तोच आणि देह दुसरा. लाजराचं झालं ते पुनरुज्जीवन. तो परत आला, पण याच आयुष्यात, आणि पुढे कधीतरी त्याला पुन्हा मरावंच लागलं असणार. प्रभू येशू मात्र मागे आला नाही. तो मरणातून पलीकडे निघाला, आणि तोच देह घेऊन निघाला. म्हणून कबर रिकामी सापडली. नुसता आत्मा जिवंत राहायचा असता तर देह तिथंच राहून चाललं असतं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात थोमा नावाचा शिष्य म्हणतो, हातांतले खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय, तिथं बोट घातल्याशिवाय मी मानायचा नाही. आठ दिवसांनी प्रभू समोर येतो आणि हात पुढे करतो. व्रण आहेत. हे वाक्य मी कितीतरी वर्षं नुसतं वाचत होतो. एका दुपारी खेड्यातल्या घरी एक आजी आजारी होत्या म्हणून प्रार्थनेला गेलो. त्यांच्या उजव्या मनगटावर चुलीच्या भाजण्याचा जुना डाग होता. त्या नातीला म्हणाल्या, "वर गेल्यावर मला हुडकशील कशी? ह्या डागावरनं वळख." मी घरी आलो आणि योहान पुन्हा उघडला. ज्या देवानं मरण हरवलं, त्याला आपल्या पुत्राच्या तळहाताची दोन भोकं बुजवता आली नसती का? त्यानं ती ठेवली. दुःख होतं तिथंच राहिलं, पण त्याची बोचणी गेली आणि ते ओळखीची खूण झालं.

तो तोच होता. कबरेपाशी आलेल्या मरीया मग्दालियेला तो माळी वाटला, पण "मरीये" अशी हाक येताच तिनं आवाजावरून ओळखलं. लूक सांगतो, घाबरलेल्या शिष्यांसमोर त्यानं भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. भुतं मासे खात नाहीत. आणि तरी तो पूर्वीसारखाही नव्हता. दारं बंद असताना आत येऊन उभा राहिला, आणि अम्माऊसच्या वाटेवर दोघांबरोबर कोसच्या कोस चालला तरी भाकर मोडेपर्यंत त्यांना ओळखू आला नाही. तोच, पण नवा. हे मला नीट समजावता येतं असं मी म्हणणार नाही. शिष्यांनाही ते समजलं म्हणून त्यांनी लिहून ठेवलं असं दिसत नाही. दिसलं ते त्यांनी लिहिलं.

आता राख.

आपल्या दफनविधीतले शब्द आठवा. पाळक मूठभर माती घेतो आणि तीनदा टाकतो: मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ. त्यात मधलं काय आहे? राख. ज्यांनी हा विधी रचला ते तर पुरणारेच लोक होते, तरी तो शब्द त्यांनी घातला, आणि लगेच पुढे म्हटलं, पुनरुत्थानाच्या निश्चित व खात्रीच्या आशेने. तुमच्या वडिलांसाठी हे शब्द कुणी म्हटले नसतील, पण शब्दांत त्यांची जागा आधीच होती.

आणखी एक गोष्ट सांगतो. मला ती अभ्यासकाळात कळली आणि २०२१ मध्ये फार उपयोगी पडली. इ.स. १७७ मध्ये गॉलमधल्या लुग्दुनुम शहरात, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या लिआँमध्ये, ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. मारलेल्यांचे देह सहा दिवस उघड्यावर ठेवले, मग जाळले आणि राख रोन नदीत लोटली. तिथल्या मंडळीनं आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मंडळ्यांना पत्र लिहून हे कळवलं आणि मंडळीचा जुना इतिहासकार युसेबियस यानं आपल्या इतिहासात ते पत्र जपून ठेवलं. छळणाऱ्यांनी असं का केलं तेही त्यात आहे. या लोकांना उठण्याची जी आशा आहे ती मुळातूनच मोडावी, आता बघू यांचा देव यांना उठवतो का, म्हणून. तुमच्या मनात जो प्रश्न आला तोच त्यांनी नदीकाठी मोठ्यानं विचारला होता. आणि मंडळीनं? राख गेली म्हणून आशा सोडली नाही. त्या हुतात्म्यांची नावं आजही घेतली जातात, त्यांच्यात ब्लांदिना नावाची एक गुलाम मुलगी होती.

तेव्हा पुरणं ही आपली रीत आहे, सुंदर रीत आहे, आणि मला ती प्रिय आहे. पण ती देवाला लागणारी सोय नव्हे. कॅथलिक मंडळीनंही १९६३ मध्ये दहनाला मोकळीक दिली. तशीही शहरातल्या जुन्या कबरस्तानांत जागा पुरत नाही, वर्षांनी तीच कबर उघडून दुसऱ्याला द्यावी लागते. समुद्रात बुडालेले, वाघानं खाल्लेले, दुष्काळात वाटेवर पडलेले, या सगळ्यांना उठवणाऱ्याला तुमच्या वडिलांची राख कोणत्या मडक्यात गेली हे विचारावं लागणार नाही.

पौल हे दाण्यावरून सांगतो. तू पेरतोस तो नुसता दाणा, त्याला रूप देतो तो देव. शेतात वाढलेल्याला यात नवल नाही. मृगात बाजरी पेरली आणि पंधरा दिवसांनी सरीत हात घालून दाणा शोधला तर नुसतं रिकामं टरफल हाती येतं. दाणा संपलेला असतो आणि वर हिरवं उभं असतं. दाणा गेला म्हणून शेतकरी रडत नाही, कारण गहू पेरला असता तर गहू आला असता आणि बाजरी पेरली तर बाजरीच येते हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तुमचे वडील पेरले गेले आहेत. उठतील ते तुमचे वडीलच.

करिंथकरांसच्या त्याच १५ व्या अध्यायात प्रभूला महानिद्रा घेणाऱ्यांतलं प्रथमफळ म्हटलं आहे. हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारतो की तो गुळगुळीत झालाय. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात त्याचं मूळ आहे. हंगामाची पहिली पेंढी याजकाकडे न्यायची आणि त्यानं ती शब्बाथानंतरच्या दिवशी परमेश्वरापुढे ओवाळायची. शब्बाथानंतरचा दिवस म्हणजे रविवार! पेंढी एकच, पण ती दाखवायची म्हणजे बाकीचं शेत पिकलंय हे कबूल करायचं. पहिली पेंढी घरात आली आणि बाकी शेत उभंच राहिलं, असं होत नसतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पहाटेचा आज काय आधार, याचं माझ्याकडे सगळ्यात सरळ उत्तर हेच आहे. ती पहाट संपलेली नाही. कापणी सुरू झाली आहे आणि आपण तिच्या मध्ये उभे आहोत. यहूद्यांतले पुष्कळ लोक पुनरुत्थान मानत होते, पण युगाच्या शेवटी, सगळ्यांचं एकदम. लाजराची बहीण मार्थाही तेच म्हणते. एकट्याचं, मध्येच, एका साध्या रविवारी होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मुलानं विचारलंय असं पत्रात आहे: हे खरंच घडलं का? त्याला माझा निरोप द्या. गणितासारखी सिद्धता मी देणार नाही, पण दोन गोष्टी त्यानं पडताळून पाहाव्यात. पौलानं करिंथकरांना साधारण इ.स. ५४-५५ मध्ये लिहिलं, आणि तिथं तो सांगतो की जे मला मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला. म्हणजे हे शब्द त्याच्याही आधीचे. पाचशेंहून अधिक बंधूंना तो दिसला आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, असंही तो लिहितो. जा आणि विचारा, असाच त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट बायकांची. त्या काळी यहूदी समाजात बाईची साक्ष धरत नसत, इतिहासकार योसेफसनं तसं स्पष्ट लिहिलं आहे. कुणी गोष्ट रचली असती तर पहिला साक्षीदार म्हणून मरीया मग्दालियेला उभं केलं नसतं. शिष्यांनासुद्धा ती बडबड वाटली, असं लूक सांगतो. मुलाला म्हणावं शंका असू दे. थोमाला कुणी मंडळीबाहेर काढलं नाही, आठ दिवस तो इतरांबरोबरच होता.

आता माझ्या घरची एक गोष्ट, कारण पुनरुत्थान मला पहिल्यांदा कळलं ते सेमिनरीत नव्हे. माझे पणजोबा नेवासे भागातल्या महारवाड्यातले. मेलेली ढोरं ओढायची, गावाबाहेर राहायचं, सावली पडली तरी विटाळ. आमच्या घरात सांगत आले आहेत ते असं. त्यांनी झाडाखाली पहिल्यांदा शुभवर्तमान ऐकलं तेव्हा पापक्षमेचं त्यांना फारसं उमगलं नाही. त्यांनी एकच विचारलं: "हाच देह उठवनार? ह्योच?" ज्या देहाला गाव शिवत नव्हतं, तो देव टाकून देणार नाही, हाताला धरून उठवणार. ते त्या रात्री झोपले नाहीत म्हणे.

आणि उठवला तरी कुणाला? क्रूस ही रोमन लोकांची गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात तर झाडावर टांगलेला शापित म्हटलं आहे. न्यायसभा, रोमन सुभेदार पिलात आणि जमाव तिघांनी मिळून एकाला टाकाऊ ठरवलं, आणि देवानं तिसऱ्या दिवशी त्यालाच उठवलं. खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टानं फिरवला. आपल्या नगर जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत ईस्टरला जो आनंद आहे त्याच्या मुळाशी हे आहे. आपण ते विसरत चाललोय आणि मला त्याचं वाईट वाटतं. देह मोलाचा नसता तर मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वॉनलेसनी दवाखाना कशाला उभा केला असता? जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात आरोळे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये जाऊन राहिलं, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं, ते तरी कशाला? आत्मा तेवढा वाचवायचा असता तर पत्रकं वाटून भागलं असतं.

इथून तुमच्या वडिलांच्या वर्गाकडे येतो.

पौलाचा तो १५ वा अध्याय ५८ वचनांचा आहे. मरणा, तुझी नांगी कोठे, अशी ललकारी ५५ व्या वचनात आहे. मी असतो तर तिथंच थांबलो असतो. तो थांबत नाही. शेवटचं वचन अगदी साधं आहे: स्थिर राहा, प्रभूच्या कामात तत्पर असा, कारण प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. एवढं मोठं पुनरुत्थान सांगून झाल्यावर तो कामावर येतो. स्वर्गात विसावा घ्या असं म्हणत नाही. देह टाकला जाणार नसेल तर त्या देहानं केलेलं कामही टाकलं जाणार नाही, असा तो धागा आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. केडगावला त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणत होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, त्यांचा उजवा हात, १९२१ मध्ये गेली. आईनं काम खाली ठेवलं नाही. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, त्या स्वतः गेल्या. छापून पूर्ण झालेलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. मुलगी पुरली आणि पुन्हा टेबलाशी बसून क्रियापद नीट लावलं, हे बळ कुठून आलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

तुमच्या वडिलांच्या वर्गात १९ वर्षांत किती मुलं बसली? शंभर तरी असतील. वर्ग बंद पडला हे खरं, आणि तो पुन्हा सुरू व्हावा असं मला वाटतं. ते शक्य आहे का, हे तुम्ही आणि मी नंतर बोलू. पण बंद पडला म्हणजे वाया गेला, हा हिशेब आपला आहे. कोणत्या पोराच्या पोटात कोणतं अक्षर रुजलं हे उठवणाऱ्याला ठाऊक आहे.

आता ता. क. ते तुम्ही खाली लिहिलंत, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत असं मला वाटतं.

योहानाच्या २१ व्या अध्यायात शिष्य रात्रभर जाळी टाकून पहाटे रिकाम्या हातानं परततात. काठावर कुणीतरी उभं असतं. त्याच्या सांगण्यावरून पुन्हा जाळं टाकतात आणि १५३ मोठे मासे येतात. काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, शेजारी भाकर. कोळशाच्या विस्तवाला मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो सगळ्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एक इथं. दुसरा १८ व्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या वाड्यात, थंडीत शेकत उभ्या असलेल्या पेत्रानं जिथं तीनदा म्हटलं, मी त्याला ओळखत नाही.

म्हणजे प्रभूनं उठल्यावर पेत्रासाठी तसाच विस्तव पेटवला. धुराचा वास नाकात गेल्यावर पेत्राला काय आठवलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. तुम्हालाही फोनची एक विशिष्ट रिंग ऐकली की तसंच होत असणार. प्रभू तो विषय टाळत नाही. आधी जेवू घालतो. "या, न्याहारी करा," हे उठलेल्या ख्रिस्ताचे शब्द आहेत. मग तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्र दुखावतो. आणि दर वेळी मिळतं ते काम: माझी मेंढरं चार. का केलंस, हे एकदाही विचारलेलं नाही.

मेलेल्या माणसाची माफी मागता येत नाही, हे तुमचं दुखणं. पेत्राचंही शुक्रवार ते रविवार तेच दुखणं होतं. ज्याला नाकारलं तो पुरला गेला, आता बोलायचं कुणाशी? रविवारी पहाटे ते बदललं. ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, असं पौल का म्हणतो ते मला या जागी कळतं. ज्याच्याशी बोलायचं तोच जिवंत नसेल तर क्षमा म्हणजे आपणच आपल्या मनाची घातलेली समजूत. तो जिवंत आहे, म्हणून तुमच्या वडिलांना सांगायचं ते आज त्याच्यापाशी सांगता येतं, आणि तुमचे वडील त्याच्या हातात आहेत. एका खोलीत दोघं, दार एकच. शिवाय मी तुमच्या वडिलांना ओळखत नसलो तरी वडील मंडळींना ओळखतो. पोरीनं आठवडाभर फोन उचलला नाही म्हणून कुणाही बापानं मरताना तिचं नाव पुसलेलं मी पाहिलेलं नाही. अशा कितीतरी बापांच्या उशाशी मी बसलो आहे, आणि ते त्याच पोरीचं नाव घेत होते.

सोमवारी सकाळी काय करायचं, असंही विचारलंत. मोठं काही सुचवत नाही. योहान २१ रोज एकदा वाचा, आठ दिवस, मोठ्यानं. वडिलांच्या वर्गातल्या दोन मुलांचे फोन नंबर शोधा आणि त्यांना भेटा, ती आता मोठी झाली असतील. प्रभुभोजनाला येत जा. मन नसेल तेव्हाही या, ती भाकर मन लागलेल्यांसाठीच मोडलेली नाही.

आणि ईस्टर. १७३२ मध्ये जर्मनीतल्या हर्नहूट गावच्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या तरुणांनी पहाटे कबरस्तानात जाऊन गाणी म्हटली, तेव्हापासून जगभरातल्या मंडळ्यांत ही रीत पसरली. आमच्याकडेही आदल्या दिवशी बाया-माणसं बादल्या, झाडू आणि चुना घेऊन येतात, कबरी धुतात, पांढऱ्या करतात, कडेचं गवत उपटतात. अंधारातच मेणबत्त्या लावून उपासना सुरू होते आणि उजाडता उजाडता संपते. २०२२ पासून आम्ही त्यात एक भर घातली. भिंतीलगत एक जागा चुन्यानं आखली आहे, आत काहीच पुरलेलं नाही. ज्यांना कबर मिळाली नाही त्यांची नावं तिथं उभं राहून मी वाचतो, आणि प्रत्येक नावानंतर मंडळी म्हणते, "प्रभू उठला आहे." मागल्या वर्षी ४१ नावं होती. नावं वाचून होईपर्यंत पूर्वेकडच्या भिंतीवर ऊन आलेलं असतं.

वडिलांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, शनिवारपर्यंत लिहून पाठवा. तुम्ही मोठ्यानं काही म्हटलं नाहीत तरी चालेल, बाकीचे म्हणतील. मुलाला बरोबर आणा. फाटक साडेचारला उघडतं, आणि पाण्याची एक बादली घेऊन या, तिथला नळ पहाटे बंद असतो.